मृत साठा

सोलापुरातला उन्हाळा दोन आकड्यांवर चालतो. एक पाऱ्याचा, दुसरा उजनी धरणाचा. सकाळी पेपर आला की आमच्या वयाची माणसं आधी निधनवार्तांचं पान उघडतात. पण मे महिन्यात तो मान उजनीला. 'किती?' ही स्वयंपाकघरातून विचारते. 'उणे पन्नासच्या पुढं गेली,' मी सांगतो. त्यावर ती काही बोलत नाही. फक्त पिंपावर झाकण घट्ट बसवल्याचा आवाज येतो.

2024 चा मे संपत आला होता, तेव्हा आमच्या घरात तिसरा आकडा शिरला. कॉम्प्युटरचा. डी ड्राइव्हची निळी पट्टी लाल होऊन बरेच महिने झाले होते, ती आता पार टोकाला भिडली. 'जागा शिल्लक नाही' अशी पाटी दिवसातून चारदा झळकायला लागली. त्यातच आतून आवाज येऊ लागला. टक्, टक्. मग थोडी विश्रांती. परत टक्. मी सवयीनं टेबलावर टिचक्या मारून 'कृष्ण, कृष्ण' म्हटलं. पाल असती तर गप्प बसली असती. ही बसली नाही.

आमचा कॉम्प्युटरवाला पोरगा पूर्व भागातला. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, मोबाइलवर हिंदी, आणि स्क्रू निघेनासा झाला की कन्नड. त्यानं आल्या आल्या कॅबिनेटला कान लावला. तपासून झाल्यावर डॉक्टर नातेवाइकांकडे बघतो तसं माझ्याकडे बघितलं.

'काका, किती सालचा?'

'2012. निवृत्तीच्या पैशातून घेतलेला.'

'म्हंजे चांगली सेवा झालीय. हार्ड डिस्क अजून चालूय तोवर सगळं काढून घेऊ. थांबली की मग मी पण काही करू शकत नाही.'

उपाय त्यानं असा सांगितला. दोन नव्या डिस्क घ्यायच्या. सिस्टिम एका छोट्या एसएसडीवर न्यायची, म्हणजे कॉम्प्युटर पळेल. आणि डेटा दोन टीबीच्या मोठ्या हार्ड डिस्कवर, म्हणजे पट्टी परत निळी होईल. जुन्या डिस्कवर हे दोघं सी आणि डी अशा नावांनी, मध्ये पडदा टाकून एकाच खोलीत राहत होते. आता त्यांना वेगळी घरं मिळणार होती.

'मग सी पासनंच का सुरुवात? ए आणि बी कुठं गेले?' इतक्या वर्षांत न विचारलेला प्रश्न मी विचारून टाकला.

'ती फ्लॉपीची अक्षरं, काका. फ्लॉपी गेल्या, अक्षरं राखीव राहिली.'

हे मात्र मला लगेच पटलं. आमच्या गावात जुनी मिल बंद पडून कित्येक दशकं झाली, तरी रिक्षावाल्याला 'जुनी मिल' म्हटलं की तो मीटरकडे न बघता निघतो. वस्तू जाते, पत्ता राहतो. कॉम्प्युटर बनवणाऱ्यांत कुणीतरी सोलापूरचा असणार.

तरी सिस्टिम आणि डेटा यांतला फरक माझ्या डोक्यात बसायला 1994 साल आठवावं लागलं. त्या वर्षी आम्ही मंगळवार पेठेतलं भाड्याचं घर सोडून जुळे सोलापुरात राहायला आलो. टेंपोच्या दोन खेपा झाल्या. पुढं ड्रायव्हरशेजारी आई, तिच्या मांडीवर देवांचा डबा. मागं पलंग, कपाट, पिंपं, ट्रंका आणि त्यांच्यावर मी. संध्याकाळपर्यंत सगळा डेटा सुखरूप पोचला. मोजदाद केली, एक चमचा हरवला नव्हता. पण सिस्टिम? किल्ल्या कुठल्या खिळ्याला, तुरीची डाळ कुठल्या डब्यात, पायपुसणं दाराच्या कुठल्या अंगाला, दूधवाल्याची हाक आधी कुणाला ऐकू जाणार, हे सगळं मंगळवार पेठेतच राहिलं. पुढचं वर्षभर आई रात्री पाणी प्यायला उठायची आणि जुन्या घराच्या हिशेबानं वळून नव्या घराच्या भिंतीवर आदळायची.

'ह्या बारीला तसं होणार नाही,' पोरगा म्हणाला. 'सिस्टिम आपण क्लोन करू.' क्लोन म्हणजे नुसतं सामान उचलून नेणं नव्हे. खुंटी, खुंटीची जागा, खुंटीला टांगलेली पिशवी आणि पिशवीला पडलेलं भोक, सगळं जसंच्या तसं. हे तंत्र 1994 ला टेंपोवाल्याकडे असतं तर आईच्या कपाळावरचं टेंगूळ वाचलं असतं.

नव्या डिस्क आल्या. एसएसडी हातात घेतली तर पत्त्यांच्या कॅटाहून पातळ आणि रिकाम्या आगपेटीसारखी हलकी. मी कानाशी नेऊन हलवली. 'आत काही आहे का रे?' 'आहे की. फिरणारं काही नाही, म्हणून वाजत नाही.' जुन्या डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला हजारो वेळा गरगरतात आणि त्यांच्यावर केसाहूनही कमी अंतरावरून एक सुई तरंगत असते. इतकी वर्षं ती तरंगली याचंच खरं नवल. आता टेकायला आली तर टक् म्हणणारच.

मोठी डिस्क मात्र जोडल्या जोडल्या वादाला कारण झाली. खोक्यावर दोन टीबी, आणि पडद्यावर 1.81. 'मापात पाप!' मी म्हणालो. पोरगा हसला. डिस्क बनवणारे हजाराचा हजार धरतात, आणि विंडोज 1024 चा हजार धरतं. चार वेळा गुणाकार झाला की तेवढ्यात हा खड्डा पडतो. पाप कुणाचंच नाही, दोघांचे शेर वेगळे. सोलापूरची चादर वर्षानुवर्षं धुतली तरी तसूभर आटत नाही. ही नुसती जोडल्यावर आटली, एवढंच वाईट वाटलं.

उजनीचं याच्या बरोबर उलट आहे. तिथं शून्य म्हणजे शून्य नसतं. भीमेवरचं हे धरण 1980 साली पूर्ण झालं. पूर्ण भरलं की त्यात 117 टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. त्यातलं कालव्यानं जाऊ शकणारं, म्हणजे उपयुक्त, सुमारे 53. उरलेलं 63 हून जास्त कालव्याच्या तोंडाच्या खाली. ते आपणहून कालव्यात जात नाही, म्हणून सरकारी भाषेत त्याचं नाव मृत साठा. टक्केवारी मोजतात ती उपयुक्त साठ्याची. त्यामुळं पेपरात 'उजनी शून्यावर' छापून येतं तेव्हा धरणात अर्ध्याहून जास्त पाणी असतं. मग तिथून खाली ती मायनसमध्ये जाते, आणि परगावचा पाहुणा विचारतो, 'उणे पन्नास टक्के पाणी म्हणजे काय हो? तुम्ही उलटं ओतता का?'

पोरग्यानं डी ड्राइव्ह उघडली आणि विचारलं, 'सगळंच न्यायचं, का थोडं टाकायचं?' तेव्हा मला कळलं की आमच्या घरातही एक उजनी आहे आणि तिच्यात मृत साठा उपयुक्ताहून जास्त आहे.

'नवीन' नावाचं फोल्डर. त्याच्या पोटात 'नवीन नवीन'. त्याच्या पोटात 'नंतर बघू'. त्यात सातबाऱ्याचे उतारे, कुणाकुणाच्या पत्रिका, विजेची बिलं, भाचीच्या लग्नाचे दोन हजार फोटो. त्यांतले निम्मे तरी पंगतीत वाकलेल्या वाढप्यांच्या पाठींचे. गड्ड्याच्या यात्रेत काढलेला नंदीध्वजांचा व्हिडिओ. त्यात समोरच्याचा फेटा संपूर्ण आणि नंदीध्वजांची टोकं तेवढी. 'हे टाकू?' पोरगा दर वेळी विचारायचा. 'राहू दे,' मी दर वेळी म्हणायचो. पाऊण तासात एकच फाइल पुसायला मी तयार झालो. ती रिकामी निघाली.

'आणि पुसलं तरी लगेच जात नसतंय काका,' त्यानं धीर दिला. डिस्कवरून फाइल पुसली म्हणजे फक्त अनुक्रमणिकेतलं तिचं नाव काढलं. मजकूर तिथंच पडून असतो, वरून दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. मला पळसदेव आठवलं. उजनीचं पाणी चढलं तेव्हा ते गाव उठून वर गेलं, नकाशातलं जुनं ठिकाण पुसलं गेलं. पण एखाद्या उन्हाळ्यात पाणी फार ओसरलं की जुनं देऊळ शिखरासकट बाहेर येतं, आणि लोक मोबाइल घेऊन बघायला जातात. ते फोटो परत आमच्यासारख्यांच्या डी ड्राइव्हवर जाऊन बसतात.

शेवटी ठरलं: सगळं न्यायचं. रात्री नऊला क्लोन सुरू झालं. पडद्यावर 'शिल्लक वेळ 2 तास 40 मिनिटं' आलं. दहा मिनिटांनी ते तीन तास झालं. पोरग्याला मी जेवूनच जा म्हटलं. हिनं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही वाढलं. हात धुऊन तो परत पट्टीसमोर बसला आणि म्हणाला, 'आमच्याकडं पण डेटा होता काका. भोकांचा.'

त्याच्या आजोबांनी तेलंगणातून येऊन इथं माग लावला होता, वडिलांनी चादरीचा जकार्ड चालवला. जकार्ड म्हणजे मागाच्या डोक्यावर बसवलेलं यंत्र, आणि त्याच्यावरून फिरणारी पुठ्ठ्यांची माळ. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याची एक ओळ. जिथं भोक तिथं ताण्याचा धागा वर उचलला जाणार, जिथं भोक नाही तिथं खाली राहणार. असे पुठ्ठे दोऱ्यानं ओवून, एकामागून एक फिरवले की चादरीवर मोर उतरतो. 'मोर माळेत असतो,' पोरगा म्हणाला. 'मागाला मोर म्हाईत नसतो. दुसऱ्या मागावर तोच मोर पाहिजे तर माळेवरनं माळ पाडायची. एक भोक चुकलं की मोराच्या डोळ्यात कुसळ.'

म्हणजे माग ही सिस्टिम आणि माळ हा डेटा. हे मी गमतीनं म्हणालो, पण हिशेब खराच निघतो. फ्रान्समधल्या लियाँ गावी जकार्ड नावाच्या विणकरानं हे यंत्र 1804 च्या सुमारास उभं केलं. त्याच्या भोकांवरून बॅबेजला आपल्या गणकयंत्राला भोकांच्या कार्डांनी हुकूम द्यायची कल्पना सुचली. 1890 ची अमेरिकेची खानेसुमारी होलेरिथनं भोकांच्या कार्डांवर मोजली. त्याची कंपनी पुढं ज्या कंपनीत मिसळली ती आयबीएम; आणि त्याच आयबीएमनं 1956 साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. वजन टनाच्या वर, पन्नास चकत्या, आणि त्यात मावायचा आजच्या हिशेबानं पाच एमबीहूनही कमी मजकूर. आमच्या नातवाचा, नाकात बोट घातलेला एक फोटो तेवढा भरतो. असे त्याचे तीनशे फोटो आहेत. तीनशे टन.

रात्री पावणेबाराला पट्टी 91 टक्क्यांवर असताना गल्लीतून हाक आली. 'पाणी आलंय!'

सोलापुरात नसलेल्यांना ही हाक समजावून सांगता येणार नाही. तेव्हा चार-पाच दिवसांनी एकदा नळ यायचा. येताना वेळ विचारायचा नाही. ही उठली, पिंपांची झाकणं उडाली, बादल्या रांगेला लागल्या. पोरगाही सवयीनं एक घागर उचलून उभा राहिला. आणि पाचव्या मिनिटाला दिवे मंदावले. नळाला मोटार लावायला आमच्या कॉलनीत सक्त बंदी आहे, आणि कुणाकडेच मोटार नाही. तरी पाणी आलं की एकदम चाळीस घरांतून घुर्र असा आवाज येतो आणि विजेचा दाब खाली बसतो. यूपीएस किंचाळायला लागला. त्याची बॅटरी माझ्या गुडघ्यांएवढीच भरवशाची.

'पंखा बंद! फ्रिज बंद!' पोरगा घागर घेऊन ओरडत होता. 'मोटर...' मी हिच्याकडे बघितलं. 'आपल्याकडे मोटार नाही,' ही शांतपणे म्हणाली आणि मागच्या अंगणात जाऊन ती बंद करून आली. यूपीएसचा आवाज उतरला. 93. 94. हिनं उरलेली पिंपं नुसत्या नळाच्या धारेनं भरली, आणि प्रत्येक बादलीमागं पडद्याकडे असं बघितलं की 100 टक्के झाले तेव्हा ते तिच्या भीतीनंच झाले असावेत.

सकाळी जुनी डिस्क काढून नवी लावली. बटण दाबलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं: सुरू करायला काही सापडत नाही. रात्रभर मोजून नेलेली सिस्टिम आत बसली होती, आणि कॉम्प्युटर म्हणत होता, घरात कुणी नाही.

पोरग्यानं कपाळावर हात मारला. जुन्या डिस्कवर सी आणि डी च्या आधी एक तिसरा कप्पा होता. अवघा शंभर एमबीचा. त्याला अक्षर नाही, नाव नाही, उघडून बघायची सोय नाही. बटण दाबल्यावर सगळ्यात आधी तो उठतो, विंडोज कुठं झोपलंय ते सांगतो आणि गप्प बसतो. तो न्यायचा राहून गेला होता. सगळी सिस्टिम त्याच्या एका हाकेवर उठायची, आणि बारा वर्षांत तो आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

तो कप्पा आला आणि कॉम्प्युटर वीस सेकंदांत उभा राहिला. पूर्वी मी बटण दाबून अंघोळीला जायचो. मग दुपारभर डेटा गेला. नव्या डिस्कनं स्वतःचं नाव ई सांगितलं, त्यामुळं सगळ्या जुन्या वाटा बंद पडल्या. पोरग्यानं तिचं नाव डी केलं, वाटा उघडल्या. नव्या घराला जुना पत्ता. आमच्या गावचाच कायदा.

फायली नीट उघडतात का हे बघताना तो एका ठिकाणी थांबला. '2003. शेंगापोळी. हे काय आहे?' उघडलं तर एबीसीडीची मोडतोड, मध्ये डॉलर, टक्के, उद्गारचिन्हं. ही आईची फाइल. तिनं सांगितली, मी टाइप केली, त्या वेळच्या मुलाच्या कॉम्प्युटरवर, त्या वेळच्या मराठी फाँटमध्ये. युनिकोड घरोघर पोचायच्या आधी मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांचे मुखवटे घालून बसायची. तो ठरावीक फाँट असेल तरच मुखवटा उतरायचा. 2012 ला मी फाइल आणली आणि फाँट आणायचा राहिला. मोर आला, माग राहिला. आई त्याआधीच गेली होती. म्हणून मी ती फाइल पुसली नव्हती आणि उघडलीही नव्हती.

'व्हतंय की,' पोरगा म्हणाला, आणि गाडी काढून नव्या पेठेत एका लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे गेला. त्यांच्याकडे जुने फाँट अजून नांदतात. तासाभरानं पेन ड्राइव्ह घेऊन परतला. त्याची ही खेप बघून मला उजनीचा उपसा आठवला. धरणाची पातळी खाली गेली की शहराच्या पाइपलाइनच्या विहिरीत पाणी आपणहून येत नाही. आधी धरणातून उपसून तिथं आणायचं, मग तिथून पुढं ढकलायचं. त्याला म्हणतात दुबार पंपिंग. ते सुरू झालं की शहर पीत असतं ते मृत साठ्यातलं पाणी. दर काही वर्षांनी मेमध्ये सोलापूर त्यावरच तगतं, आणि ऑगस्टात धरण भरलं की विसरून जातं.

फाँट बसला. आई पडद्यावर आली. 'भाजलेल्या शेंगा दोन वाट्या, कूट अगदी बारीक. गूळ सव्वा वाटी. वेलदोडा. कणीक सैल नको. वाटी आपली ती.'

'ती म्हणजे कुठली?' पोरग्यानं विचारलं.

ती म्हणजे आईची पितळी वाटी. बुडाला चेपलेली, त्यामुळं कुठंही ठेवली तरी डुलायची. तिचा सव्वा आणि दुसऱ्या वाटीचा सव्वा एक नव्हे. इथंही शेर वेगळे. '1994 च्या टेंपोत गेली असणार,' मी म्हणालो. 'मोजदाद चुकली आमची. डेटा आहे रे, पण आता काय उपयोग?' आणि जुन्या डिस्ककडे बघून मृत साठ्यावर दोन-चार गंभीर वाक्यं बोललो. पोरगा आदरानं ऐकत होता.

ही आत गेली. तांदळाच्या डब्याचं झाकण वाजलं. बाहेर येऊन तिनं कीबोर्डशेजारी वाटी ठेवली. काठाला दोन दाणे चिकटलेले.

'तीस वर्षं भात कशानं मोजते मी?'

वाटी टेबलावर डुलली. टक्, टक्. मी आणि पोरगा, दोघांनीही आधी कॅबिनेटकडे बघितलं.